मुंबई ते दुबई : अंतर किलोमीटरचे, हिशेब तासांचा

दुबई किती लांब आहे, असे आपल्या बाजारातील कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा. तो किलोमीटर सांगत नाही. "तीन तास," एवढे सांगून तो मोकळा होतो. कोकणातील कित्येक घरांना तर मुंबईपेक्षा दुबईच जवळची वाटते, कारण घरातील कोणी ना कोणी तिकडे नोकरीला किंवा धंद्याला असतो आणि त्याचे जाणे-येणे नित्याचे झालेले असते.

तीन तास हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. तो विमानाचा हिशेब आहे, व्यापाऱ्याचा नव्हे. या तीन तासांवर विसंबून जो गिऱ्हाइकाला माल पोहोचविण्याचा वायदा देतो त्याचा वायदा हमखास मोडतो. वायदा मोडला की पुढची ऑर्डर जाते, उधारी अडकते आणि जमविलेले नाव खराब होते. मोठ्या पेढीला असा एखादा फटका सोसता येतो. घरात चार कारागीर बसवून काम करणाऱ्या छोट्या कारखानदाराचे मात्र त्यात वर्षाचे भांडवल अडकते. म्हणून मुंबई आणि दुबई या दोन शहरांतील अंतर म्हणजे नेमके काय, विमानाला वेळ किती व का लागतो आणि व्यापाऱ्याने आपला हिशेब कसा मांडावा, हे या लेखात आम्ही क्रमाने पाहणार आहोत. हाच हिशेब मुंबई-मस्कत, मुंबई-जेद्दा किंवा मुंबई-सिंगापूर अशा कोणत्याही दोन शहरांना लावता येईल.

अंतर कसे काढतात?

विमानाचे अंतर दोन विमानतळांमधील सरळ हवाई रेषेने मोजतात. त्यासाठी दोन्ही शहरांचे अक्षांश व रेखांश माहीत असले की पुरे. मुंबईचा विमानतळ उत्तर अक्षांश १९.१ आणि पूर्व रेखांश ७२.९ अंशांवर आहे. दुबईचा विमानतळ उत्तर अक्षांश २५.२५ आणि पूर्व रेखांश ५५.४ अंशांवर आहे. म्हणजे दुबई मुंबईच्या उत्तरेला सुमारे ६.१५ अंश आणि पश्चिमेला १७.५ अंश आहे.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून उत्तरेकडील अंतर झाले साधारण ६८३ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसा लहान होत जातो. या दोन शहरांच्या मधोमध, म्हणजे २२ अंश अक्षांशाच्या आसपास, तो सुमारे १०३ किलोमीटर भरतो. म्हणून पश्चिमेकडील अंतर झाले सुमारे १८०३ किलोमीटर. शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोणाचा नियम इथे लावला, म्हणजे दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढले, की उत्तर येते सुमारे १९३० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्याने फार लांबच्या शहरांना ही रीत चालत नाही, पण एवढ्या अंतराला ती पुरेशी बरोबर आहे.

हेच १९३० किलोमीटर म्हणजे सुमारे १२०० मैल आणि सुमारे १०४० सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. विमान व जहाज या दोन्ही धंद्यांत सागरी मैल चालतो, तर जुन्या तक्त्यांत साधा मैल सापडतो. कोणी नुसता "मैल" म्हणाला तर कोणता मैल, हे विचारून घ्यावे. नाहीतर एकाच अंतराचे तीन आकडे समोर येतात आणि माणूस गोंधळतो.

पूर्वीची सफर

हे अंतर आजचे नाही, जुनेच आहे. बदलला आहे तो लागणारा वेळ. विमाने सर्वांच्या आवाक्यात येण्यापूर्वी ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबईहून कराचीमार्गे आखाती बंदरे घेत बसऱ्यापर्यंत जात. बंदरामागून बंदर करीत चाललेल्या या सफरीत कित्येक दिवस मोडत. ती धोक्याचीही होती. याच मार्गावरील 'दारा' ही बोट एप्रिल १९६१ मध्ये दुबईजवळ स्फोट होऊन बुडाली आणि २३८ माणसे प्राणास मुकली. 'द्वारका' ही शेवटची बोट १९८२ मध्ये बंद झाली आणि ते पर्व संपले.

त्या काळी व्यापाराचा धागा इतका घट्ट होता की दुबईच्या किनाऱ्यावर १९६६ पर्यंत आपला रुपयाच चालत असे. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटाही काढल्या होत्या. दुबईचा विमानतळ १९६० मध्ये सुरू झाला. एमिरेट्स कंपनीने ऑक्टोबर १९८५ मध्ये विमाने सुरू केली तेव्हा तिच्या पहिल्या मोजक्या ठिकाणांत कराची व दिल्लीबरोबर मुंबईही होती. दिवसांची सफर अशा रीतीने तासांवर आली. परंतु तास कमी झाले म्हणून हिशेब सोपा झाला, असे मात्र नाही.

जाताना जास्त, येताना कमी

मुंबईहून दुबईला जाणाऱ्या विमानाला साधारण तीन तास दहा मिनिटे लागतात. कधी सव्वातीन-साडेतीन तासही लागतात. परतीला मात्र तेच अंतर पावणेतीन ते तीन तासांत कापले जाते. अंतर एकच असताना हा फरक का पडतो, असा प्रश्न पुष्कळांना पडतो.

याचे कारण वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. दुबईला जाणारे विमान या वाऱ्याच्या तोंडाला असते, तर मुंबईला येणाऱ्या विमानाच्या पाठीला तो असतो. समजा विमानाचा स्वतःचा वेग ताशी ८५० किलोमीटर आहे आणि वारा ताशी ८० किलोमीटरचा आहे. मग जाताना जमिनीवरचा वेग राहतो ७७०, येताना होतो ९३०. १९३० किलोमीटरला जाताना सुमारे अडीच तास आणि येताना दोन तास पाच मिनिटे लागतील. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, वर चढणे, उतरणे आणि पुन्हा जागेवर येऊन उभे राहणे यासाठी आणखी चाळीस मिनिटे धरली, की जाण्याचे तीन तास दहा मिनिटे आणि येण्याचे पावणेतीन तास होतात. वेळापत्रकात कंपन्या वर थोडी सवडही ठेवतात. पावसाळ्यात वरच्या वाऱ्यांचे स्वरूप पालटते आणि जाण्या-येण्यातील हा फरक कमी होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिकिटावर जी सुटण्याची वेळ असते ती विमान आकाशात झेपावण्याची नसून जागेवरून हलण्याची असते. पोहोचण्याची वेळही दुसऱ्या जागेवर उभे राहण्याची असते. त्यानंतर उतरणे, पासपोर्टची रांग, सामान, कस्टम हे सर्व राहिलेलेच असते.

दोन शहरे, दोन घड्याळे

भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेले आहे, तर संयुक्त अरब अमिरातीचे ६० अंशांवर. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. म्हणून २२.५ अंशांच्या फरकाला ९० मिनिटे. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा दुबईत नऊ वाजलेले असतात.

तिकिटावरील वेळ ज्या त्या शहराची असते. मुंबईहून साडेनऊला निघालेले विमान दुबईला अकरा वाजून दहा मिनिटांनी पोहोचते, तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की पावणेदोन तासांतच सफर उरकली. परतीला रात्री दहाला निघालेले विमान मुंबईत दोन वाजून वीस मिनिटांनी उतरते, तेव्हा वाटते की सव्वाचार तास लागले. खरा वेळ काढण्याची सोपी युक्ती अशी : जाण्याचा आणि येण्याचा दिसणारा वेळ यांची बेरीज करून तिचे अर्धे करावे. एक तास चाळीस मिनिटे आणि चार तास वीस मिनिटे मिळून सहा तास, त्याचे अर्धे तीन तास. घड्याळाचा फरक एकदा वजा आणि एकदा अधिक होत असल्याने तो आपोआप कटून जातो. कोणत्याही दोन देशांच्या तिकिटाला ही युक्ती लागू पडते.

सूर्याचा हिशेब मात्र घड्याळापेक्षा वेगळा आहे. दोन्ही शहरांत खरा फरक १७.५ अंशांचा, म्हणजे ७० मिनिटांचाच आहे. घड्याळे मात्र ९० मिनिटांनी वेगळी आहेत. म्हणून मुंबईत ज्या घड्याळी वेळेला माध्यान्ह होते त्यापेक्षा दुबईत ती सुमारे वीस मिनिटे आधी होते. जोहरची वेळ मुंबईच्या सवयीने धरणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. गिऱ्हाइकाशी भेट ठरवितानाही त्याचा उपयोग होतो, कारण तिकडील दुकानदार नमाजची वेळ सांभाळूनच भेट देतो.

फोनवरच्या कारोबारालाही हाच नियम. भिवंडीत सकाळी साडेनऊला उघडणाऱ्या गाळ्यातून फोन केला तर दुबईत आठच वाजलेले असतात. उलट तेथील कार्यालय सहाला बंद होते तेव्हा आपल्याकडे साडेसात वाजतात. म्हणजे संध्याकाळी आपले दुकान आवरण्याच्या वेळेलाही तेथील काम चालू असते. तो दीड तास वाया घालवू नये.

हवेतला रस्ता नेहमी मोकळा नसतो

नकाशावरची सरळ रेष आणि विमानाचा प्रत्यक्ष मार्ग एक नसतो. विमानांना ठरलेल्या हवाई वाटांनी जावे लागते, आणि प्रत्येक देशाच्या हद्दीतून जाण्यास त्या देशाची परवानगी लागते. मुंबई-दुबई मार्गाचे सुदैव हे की तो बहुतांशी अरबी समुद्रावरून आणि ओमानवरून जातो. दिल्लीचे तसे नाही. दिल्लीहून दुबईचा सरळ मार्ग पाकिस्तानवरून जातो. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, ३० एप्रिलला भारतानेही तसेच केले. तेव्हा दिल्लीच्या विमानांना गुजरात व समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. शहरे जागची हलली नाहीत, अंतर मात्र वाढले.

जून २०२५ मध्ये इराणने कतारमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा कतारबरोबर अमिरातीचीही हवाई हद्द काही तास बंद झाली. विमाने वाटेतून वळवावी लागली आणि हजारो प्रवासी अडकले. आखातात तणाव असेल तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री आणि घर सोडण्यापूर्वी पुन्हा एकदा विमान कंपनीकडे चौकशी करावी. महत्त्वाची भेट विमान उतरल्यानंतर लगेच दोन तासांनी ठेवू नये.

शहर एक असले तरी विमानतळही एक नसतो. मुंबईला अंधेरीजवळच्या विमानतळाबरोबर २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झाला आहे. तिकडे दुबईत जुन्या विमानतळाचीच तीन टर्मिनले आहेत, शिवाय जेबेल अलीकडे अल मक्तूम विमानतळ आहे आणि शेजारच्या शारजाचाही विमानतळ आहे. शारजा दुबईपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरच आहे, पण त्या रस्त्यावरील सकाळ-संध्याकाळची गर्दी प्रसिद्ध आहे. स्वस्त तिकीट घेताना विमानतळाचे नाव आधी वाचावे.

दारापासून दारापर्यंत

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. समजा रत्नागिरीचा एक आंबा व्यापारी दुबईला भावताव ठरविण्यासाठी निघाला. सोमवारी रात्री नऊला तो घर सोडतो. मुंबईपर्यंतचे साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेरचे अंतर, गाडी मिळविण्यापासून विमानतळाच्या दारापर्यंत, आठेक तास घेते. विमानाच्या तीन तास आधी पोहोचायला हवे. सकाळी साडेनऊचे विमान दुबईच्या घड्याळाने अकरा वाजून दहा मिनिटांनी उतरते. पासपोर्ट, सामान आणि टॅक्सी होईपर्यंत देराच्या बाजारात तो एक वाजता पोहोचतो. आपल्या घड्याळाने तेव्हा अडीच वाजलेले असतात. घरापासून बाजारापर्यंत झाले साडेसतरा तास, त्यात विमानाचे फक्त सव्वातीन. म्हणजे पाच भागांतला एक भागही विमानाचा नाही.

आणि देराच्या जुन्या बाजारातील अनेक दुकाने दुपारी एकच्या सुमारास बंद होतात, ती चारला उघडतात. म्हणजे आपला व्यापारी अगदी वेळेवर पोहोचून बंद दारासमोर उभा राहतो. त्या दिवशी त्याला चार ते नऊ असे पाच तास मिळतात. बुधवारी सकाळी नऊ ते एक आणि चार ते सहा असे सहा तास. रात्री दहाचे विमान, मुंबईत अडीचच्या सुमारास उतरणे, आणि गुरुवारी साडेअकराच्या सुमारास घर. सोमवार रात्र ते गुरुवार दुपार मिळून साडेबासष्ट तास गेले, त्यात धंद्याचे काम झाले अकरा तास.

हाच व्यापारी पहाटे चारच्या विमानाने गेला असता तर दुबईच्या घड्याळाने पावणेसहाला उतरून नऊला बाजारात हजर झाला असता. चार तासांची सकाळ हाती आली असती. एका माणसाच्या भेटीसाठी जेथे सारी सफर केलेली असते तेथे त्या चार तासांचे मोल तिकिटातल्या हजार-दोन हजारांच्या फरकापेक्षा जास्त आहे. म्हणून तिकीट निवडताना भाड्याबरोबर तेथील बाजाराचे घड्याळही पाहावे.

वारही पाहावा. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असतो. शारजा सरकारने शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशी तीन दिवसांची सुटी ठेवली. पूर्वी शुक्रवार-शनिवार सुटी होती, ती जुनी सवय मनात धरून चालणार नाही. रमजानमध्ये तेथे कामाचे तास कमी असतात, हेही धरावे.

माल तीन तासांत जात नाही

माणूस स्वतःच्या पायांनी विमानात चढतो. मालाला दुसऱ्याच्या हातांनी जावे लागते. कारखान्यातून टेम्पोने विमानतळाच्या मालधक्क्यावर, तेथे क्लिअरिंग एजंटाकडून शिपिंग बिल, कस्टमची तपासणी, विमानात जागा, पलीकडे पुन्हा उतरविणे, कागद, शुल्क आणि गिऱ्हाइकाचे गोदाम अशी ही साखळी आहे. विमानतळावरील कस्टमचे काम रात्रंदिवस चालत असले तरी एजंटाचा माणूस, बँक आणि गिऱ्हाइकाचे गोदाम रात्रंदिवस चालत नाही. म्हणून तीन तासांच्या या मार्गावर विमानाच्या मालाला सर्वसाधारणपणे तीन ते चार दिवस धरावेत.

यातील बराच वेळ कागदांत जातो, आणि तो वाचविणे आपल्या हातात आहे. परदेश व्यापाराचा आयईसी क्रमांक आधीच काढलेला असावा. बीजक आणि पॅकिंग लिस्ट यांतील नग, वजन व किंमत तंतोतंत जुळावी. भारत आणि अमिराती यांच्यात १८ फेब्रुवारी २०२२ रोजी झालेला आणि १ मे २०२२ पासून अमलात आलेला व्यापार करार अनेक वस्तूंना शुल्कात सवलत देतो, पण त्यासाठी माल भारतातच तयार झाल्याचा दाखला लागतो. हा दाखला माल निघण्याच्या दिवशी धावपळ करून काढायची गोष्ट नाही. काही कारागीर शे-दोनशे नग घरच्या सामानात घालून नेतात. नमुन्याचे दोन-चार नग ही वेगळी गोष्ट. विक्रीचा माल प्रवाशाचे कपडे म्हणून नेणे म्हणजे माल, पैसा आणि इज्जत तिन्ही धोक्यात घालणे होय.

खोका मोठा, भाडे मोठे

विमान कंपनी भाडे आकारताना वजनाबरोबर आकारही पाहते. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला ६००० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे आकाराचे वजन. पुष्कळ कुरिअर कंपन्या ५००० ने भागतात. खरे वजन आणि आकाराचे वजन यांत जे जास्त असेल त्यावर भाडे लागते.

समजा मुंब्र्याच्या एका जरदोजी कारखान्याला ३०० अबायांची ऑर्डर आहे. एक नग ४०० ग्रॅमचा. एका खोक्यात ३० नग, म्हणजे खरे वजन १२ किलो, असे दहा खोके. खोका ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचा घेतला तर आकाराचे वजन २० किलो होते. दहा खोक्यांचे २०० किलो. खरे वजन १२० किलो असून भाडे २०० किलोचे! तोच माल नीट घड्या घालून, जरीवर कागद ठेवून २५ सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात बसविला तर आकाराचे वजन साडेबारा किलो, दहा खोक्यांचे १२५ किलो. हिशेबापुरते किलोला १०० रुपये धरले तरी २०,००० ऐवजी १२,५०० रुपये झाले. साडेसात हजार रुपये नुसत्या हवेचे जात होते. कारागिराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी ही रक्कम आहे.

समुद्राचा मार्ग

समुद्राने जहाजाला होर्मुझच्या सामुद्रधुनीतून वळसा घेऊन जावे लागते, म्हणून न्हावा शेवा ते दुबई हे अंतर सुमारे ११०० सागरी मैल होते. ताशी १५ सागरी मैल वेगाने जाणारे जहाज ते तीन दिवसांत कापते. पण येथेही तोच नियम आहे. कंटेनर भरणे, बंदरात जाणे, जहाजाची वाट पाहणे, जेबेल अलीला उतरणे आणि सोडविणे हे सारे धरून दोन आठवड्यांची तयारी ठेवावी. वजनदार आणि न नासणाऱ्या मालाला हाच मार्ग परवडतो. कच्छ-सौराष्ट्राच्या बंदरांतून लाकडी गलबते आजही दुबईच्या खाडीत जातात, पावसाळ्यात मात्र ती बंद असतात.

हापूस हे दोन्ही मार्गांतील फरकाचे चांगले उदाहरण आहे. हंगामाच्या सुरुवातीच्या चढ्या भावाच्या पेट्या विमानाने जातात. पुढे आवक वाढून भाव उतरला की विमानाचे भाडे अंगावर येते, आणि थंड कंटेनर परवडू लागतो. फळ किती दिवसांनी पिकणार आहे, यावर मार्ग ठरतो. येथे दिवस मोजण्यात चूक झाली तर भाव कमी मिळत नाही, माल फेकावाच लागतो.

ईदचा चांद आणि उलटा हिशेब

आता या सगळ्याचा एकत्र उपयोग कसा करावा ते पाहू. आपल्या मालाचा मोठा हंगाम ईदचा. परंतु दुबईतील ईद अनेकदा आपल्या एक दिवस आधी येते. २०२४ मध्ये ईदुल फित्र तेथे १० एप्रिलला होती, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ११ एप्रिलला. २०२५ मध्ये तेथे ३० मार्चला, आपल्याकडे ३१ मार्चला. म्हणजे हिशेबाची सुरुवातच एक दिवस आधीच्या तारखेपासून करावी.

२०२५ च्याच तारखा घेऊन मांडणी करू. ईद ३० मार्चला. दुकानदाराला माल पंधरा दिवस आधी हवा, म्हणजे १५ मार्च. विमानाच्या मालाचे चार दिवस वजा केले तर ११ मार्च. अडचणीसाठी दोन दिवस राखीव ठेवले तर ९ मार्च. तो रविवार होता. म्हणून शनिवारी ८ मार्चला माल एजंटाच्या हाती असायला हवा होता. कारखान्यातील शेवटचा टाका त्याच्याही आधी पडायला हवा.

याउलट जो म्हणाला, "तीन तासांचा तर रस्ता, १३ मार्चला पाठवू," त्याचे काय झाले असते? १३ तारीख गुरुवार. १४ ला मुंबईत धुळवडीची सुटी आणि दुबईत शुक्रवारचा अर्धा दिवस. १५ आणि १६ ला तेथील कार्यालये बंद. कागद हलणार ते सोमवारी १७ तारखेला. विमान तीनच तास उडाले असते, पण माल चार दिवस पडून राहिला असता. एवढ्यात दुकानदाराने दुसऱ्याकडून माल उचलला असता, आणि ईदनंतर पडत्या भावाने विकण्यापलीकडे आपल्या कारागिराच्या हाती काही उरले नसते. कारखान्यातील मजुरी मात्र ईदपूर्वी द्यावीच लागते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, वायदा देण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात :

१) गिऱ्हाइकाला माल दुकानात कोणत्या तारखेला हवा आहे? ती तारीख तेथील घड्याळाची आणि तेथील चांदाची धरावी.

२) दोन्ही शहरांतील सुट्यांचे वार आणि सण कोणते?

३) विमान, कुरिअर की जहाज? प्रत्येकाचे दारापासून दारापर्यंतचे दिवस एजंटाकडून लिहून घ्यावेत, नुसता उड्डाणाचा वेळ नव्हे.

४) खोक्याचे आकाराचे वजन किती?

५) दाखला, बीजक व पॅकिंग लिस्ट केव्हा तयार होणार?

६) राखीव दिवस किती? दोनपेक्षा कमी नकोत.

नंतर शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यावे. जी तारीख निघेल ती माल देण्याची खरी तारीख. ती जमत असेल तरच होकार द्यावा, जमत नसेल तर आधीच तसे सांगावे. स्पष्ट नकाराने गिऱ्हाईक तुटत नाही, मोडलेल्या वायद्याने तुटते. दुबईच्या बाजारात आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जबानीवर उधारी मिळविली आहे. ती जबान पाळायची असेल तर सोबत कागद, पेन्सिल आणि कॅलेंडर ठेवावे लागेल.